औषध मिळालं, पण राहायचं कुठे?

परळला ऑफिस असेल तर टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फूटपाथवर मास्क लावलेली चिमुरडी तुम्ही पाहिलीच असतील. मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कॅन्सर. उपचार पूर्ण झाले तर बहुतेक मुलं बरी होतात. पण ते दोन-अडीच वर्षं चालतात. केमोमुळे पांढऱ्या पेशी घटल्या, की साध्या तापातही लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. म्हणजे जवळच राहणं आलं. आणि मुंबईतलं भाडं? मग काही जण उपचार अर्धवट टाकून गावाकडची गाडी पकडतात.

म्हणूनच दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा २००६ साली मुंबईत सुरू झालेलं सेंट ज्यूड्स मला ओपीडीइतकंच महत्त्वाचं वाटतं. सेंट ज्यूड्समध्ये राहणं फुकट, प्रत्येक कुटुंबाला आपली खोली, स्वयंपाकघर सामायिक. (केमोनंतर तोंडाची चव गेलेलं पोर आईच्या हातचा वरणभात तरी खातं.)

बिलाचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंट्ससाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. हे काउंटरवर आपणहून कोण सांगणार! ऑफिसातल्या कुणाचं मूल आजारी पडलं, तर रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन त्याच्यासोबत जा. आधी तिथल्या मेडिकल सोशल वर्करला गाठा.