साखळीने मोजलेला मुलूख

कॅनडाच्या पूर्व भागातून पश्चिमेकडे जाणारा प्रवासी ओंटारिओतील सरोवरे व अरण्ये मागे टाकून विनिपेगपाशी सपाटीवर उतरला, की रॉकी पर्वताचा पायथा दृष्टिपथात येईपर्यंत हजार-तेराशे किलोमीटर त्याला तेच आकाश आणि तेच क्षितिज दिसत राहते. आणि मग या प्रदेशात पाहण्यासारखे काही नाही असा शेरा मारून तो मोकळा होतो. या शेऱ्यावर प्रेअरीवरील, म्हणजे या गवताळ सपाटीवरील, माणसाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. पर्वत तसे चांगले असतात, तो म्हणतो, पण ते मध्ये आले की पलीकडचे काही दिसत नाही. एवढ्याने पाहुण्याचे समाधान झाले नाही, तर आमच्याकडे कुत्रा घर सोडून पळाला तर तीन दिवस तो पळताना दिसत राहतो, अशी पुरवणीही जोडली जाते. विनोद जुना झाला आहे. पण स्वतःच्या भूमीविषयीचा अभिमान उघड न सांगता असा आडवळणाने सांगण्याची ही रीत अजून ताजी आहे.

मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि आल्बर्टा हे या सपाटीचे तीन प्रांत. त्यांपैकी मधल्या सस्कॅचेवानचे क्षेत्रफळ सुमारे ६ लक्ष ५१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, आणि लोकसंख्या मात्र सुमारे १२ लक्ष, म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडहूनही कमी. त्यातही उत्तरेकडचा अर्धा भाग अरण्य व सरोवरे यांनी व्यापलेला. खरी प्रेअरी ती दक्षिणेकडेच. इतक्या विरळ वस्तीत शेजार, सरकार, हवा, अंतर यांविषयी माणसाची रोजची मते कशी घडतात, हा आमच्या कुतूहलाचा विषय. आणि त्या मतांचे मूळ जितके तेथील थंडीत, तितकेच किंबहुना त्याहून अधिक तेथील जमीनमोजणीच्या दप्तरात आहे, असे आमचे मत झाले आहे.

ही मोजणी १८७१ साली विनिपेगच्या पश्चिमेस एक मुख्य याम्योत्तर रेषा कायम करून सुरू झाली. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक चौरस, त्याला नाव टाउनशिप. त्याचे छत्तीस भाग, प्रत्येक एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा, त्याला नाव सेक्शन. आणि सेक्शनाचा चतकोर १६० एकरांचा. नदी, टेकडी, तळे, कोणाची वहिवाट, कोणाची गवतकाप, कशाकशाची पर्वा न करता ही चौकट हजारो मैल पसरत गेली. १८७२ च्या कायद्याने दहा डॉलर फी भरून अर्ज करणाऱ्याला चतकोर मिळे. तीन वर्षांत त्याने तेथे राहून, माळ नांगरून, घर उभारून दाखविले की मालकीचा दस्तऐवज त्याच्या नावे होई. विषम क्रमांकांचे बरेच सेक्शन रेल्वे कंपन्यांसाठी राखलेले, अकरा व एकोणतीस हे शाळांच्या खर्चासाठी, आणि आठवा व सव्विसाव्याचा बहुतांश हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीच्या हिश्श्याचा. आजही शेतकऱ्याला जमिनीचा ठिकाणा विचारला, तर तो गाव न सांगता चतकोराची दिशा, सेक्शन, टाउनशिप आणि याम्योत्तर असे आकडे एका दमात म्हणून दाखवितो. आपल्याकडचा मुरलेला खातेदार गट नंबर आणि चतुःसीमा सांगतो त्याच सुरात.

ज्या साखळीने हे सारे मोजले ती एडमंड गंटर या सतराव्या शतकातील इंग्रज गणितज्ञाची, ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असतो आणि चाळीस गुंठ्यांचा बरोबर एक एकर भरतो, हा योगायोग नव्हे; इंग्रजी अमलातील दोन मुलखांच्या मोजमापात तेच गणित उतरले आहे. प्रेअरीच्या मोठ्या भागात दोन सेक्शनांमधील सरकारी रस्त्यासाठी सोडलेली पट्टीही नेमकी एक साखळी रुंद, म्हणजे ६६ फुटांची. या पट्ट्यांवरचे खडीचे रस्ते उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे सुतात धावतात. परंतु पृथ्वी गोल असल्याने याम्योत्तरे ध्रुवाकडे जवळ येत जातात, आणि चौरसांचा हिशेब जुळविण्यासाठी दर चोवीस मैलांवर एक दुरुस्तीची रेषा घालावी लागली. तेथे पोहोचलेला सरळ रस्ता अकारण डावीकडे किंवा उजवीकडे थोडा सरकतो आणि पुन्हा सरळ होतो. नवख्या वाहनचालकाला हा कंत्राटदाराचा गाढवपणा वाटतो.

या साखळीला अडविणारा एक माणूस होऊन गेला. १८७१ च्या मोजणीआधीच, ११ ऑक्टोबर १८६९ रोजी रेड नदीच्या काठी मोजणीदार एका मेती शेतकऱ्याच्या गवताच्या रानातून साखळी ओढीत असता मेतींचा पुढारी लुई रिएल आपल्या सोबत्यांसह तेथे आला, आणि साखळीवर पाय ठेवून त्याने मोजणी बंद पाडली. मेती म्हणजे फ्रेंच व अन्य युरोपीय व्यापारी आणि मूलनिवासी स्त्रिया यांच्या संततीतून उदयास आलेला समाज. त्यांची शेते नदीपासून आत लांबवर गेलेल्या अरुंद पट्ट्यांची, कारण पाणी, झाडी, शेत आणि गवत हे चारही प्रत्येकाच्या वाट्यास यावेत. चौरसांच्या नकाशात या शहाणपणाला जागा नव्हती. रिएलच्या उठावातून १८७० साली मॅनिटोबा प्रांत जन्मास आला आणि मेतींच्या मुलांसाठी चौदा लक्ष एकर जमिनीचे वचन कायद्यात आले. पण ती जमीन बव्हंशी दलालांच्या घशात गेली. पुढे १८८५ साली बटोश येथे मेतींचा अखेरचा पराभव झाला आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला रिजायना येथे रिएलला फाशी देण्यात आली.

त्यानंतर काय झाले ते शाळेच्या इतिहासात फारसे येत नसे. नावावर जमीन नाही म्हणून हुसकावले गेलेले कित्येक मेती त्याच सरकारी रस्त्याच्या ६६ फुटी पट्टीवर खोपटी बांधून राहू लागले; लोक त्यांना रस्त्याच्या पट्टीवरची माणसे म्हणत. ते महसूल भरीत नाहीत म्हणून अनेक ठिकाणी त्यांच्या मुलांना शाळेची दारे बंद. मॅनिटोबातील सेंत मादलेन ही मेतींची वस्ती तर १९३० च्या दशकाच्या अखेरीस सामाईक कुरणासाठी उठविण्यात आली आणि घरे जाळून टाकण्यात आली. प्रेअरीच्या सौजन्याची वाखाणणी करणाऱ्याने, आणि आम्ही ती पुढे करणार आहोत, हा हिशेब आधी वाचलेला बरा.

ते सौजन्य खोटे मात्र नव्हे. चतकोर-चतकोरावर एकेक घर, म्हणजे शेजारी अर्ध्या मैलावर, आणि पुष्कळदा दोन मैलांवरही. आपल्याकडे गावठाणात घराला घर लागून आणि शेते शिवारात. तेथे घर शेतातच, आणि गाव म्हणजे रेल्वेच्या कडेला धान्याची कोठारे, दुकान, चर्च व कर्लिंग या खेळाचे बर्फघर. हिमवादळात रस्ता चुकलेल्याला दार न उघडणे म्हणजे त्याचा जीव घेणे, हे जेथे प्रत्येकाला ठाऊक, तेथे आतिथ्य हा गुण राहत नाही, रिवाज होतो. खडीच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीचा चालक, ओळखीचा असो वा नसो, सुकाणूवरचा हात न काढता फक्त तर्जनी वर करतो, तेवढाच नमस्कार. दोन बोटे उचलली तर तो घनिष्ठ स्नेह समजावा, असे थट्टेने सांगतात. अंतरही मैलांत न सांगता तासांत सांगतात, आणि दाताच्या डॉक्टरकडे अडीच तास गाडी हाकीत जाण्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

हवेविषयी बोलणे हा अन्यत्र वेळ घालविण्याचा उद्योग असेल; प्रेअरीवर तो व्यवहार आहे. रिजायना येथे १ जानेवारी १८८५ रोजी पारा उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, आणि त्याच प्रांतातील मिडेल व यलो ग्रास या गावी ५ जुलै १९३७ रोजी तो ४५ अंशांवर चढला. हा दुसरा आकडा २०२१ पर्यंत साऱ्या कॅनडाचा उच्चांक होता. हिवाळ्यात तेथील मोटारींच्या तोंडातून विजेची एक आखूड वायर लोंबताना दिसते. इंजिनाच्या अंगी बसविलेल्या तापकाची ती दोरी. रात्री ती घराच्या भिंतीतील प्लगला जोडली नाही, तर पहाटे तेल घट्ट होऊन इंजिन नुसते कण्हते. म्हणून घरांच्या अंगणात आणि कचेऱ्यांच्या वाहनतळांवर विजेच्या प्लगांचे खुंट रांगेने रोवलेले. एवढे होऊनही ‘आमची थंडी कोरडी आहे, ती बाधत नाही’ हे मत रिजायनापासून एडमंटनपर्यंत एकमताने मांडले जाते. ते शास्त्रतः अगदीच निराधार नसले, तरी ते सांगणाऱ्याचे कान लाल झालेले असतात.

या सर्व मतांची चावडी म्हणजे कॉफी रो. गावातल्या कॅफेत किंवा सहकारी पेट्रोलपंपाच्या दुकानात सकाळी ठरल्या वेळी ठरलेली मंडळी ठरलेल्या खुर्च्यांवर बसतात; डोक्यावर खताच्या किंवा ट्रॅक्टरच्या कंपनीची टोपी, पुढ्यात फिकी कॉफी. पाऊस, गव्हाचा भाव, कोणाचे यंत्र बिघडले, कोणी जमीन विकली, आणि मग ओटावाचे सरकार, असा विषयांचा क्रम. कोणी पीक भरघोस आल्याचे सांगत नाही. ‘वाईट नाही’ ही स्तुतीची परमावधी. रेल्वेवर मात्र सर्वांचा जुना राग. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला सरकारने अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन दिली होती, शिवाय करमाफी. आणि शेतकऱ्याचा गहू बंदरावर न्यायला दुसरी वाट नव्हती. एका शेतकऱ्याची गोष्ट तेथे सर्वांना पाठ आहे: गारपिटीने त्याचे पीक गेले, विजेने कोठार जळाले, आणि घरी येऊन पाहतो तो बायको गड्याबरोबर निघून गेलेली, तेव्हा त्याने आकाशाकडे मूठ उगारली आणि तो गरजला, ‘त्या रेल्वेचे वाटोळे होवो!’

या रागातूनच प्रेअरीची सर्वांत मोठी संस्था निघाली, ती म्हणजे सहकार. १९२४ साली सस्कॅचेवानच्या शेतकऱ्यांनी व्हीट पूल स्थापून धान्य स्वतः विकण्यास आरंभ केला. घोडागाडीने धान्य घालून संध्याकाळी घरी परतता यावे एवढ्या अंतरावर लाकडी कोठारे उभी राहिली. १९३० च्या दशकात तीन प्रांतांत मिळून ती साडेपाच हजारांहून अधिक होती. त्याच दशकात अवर्षणाने माती उडाली, पेट्रोलला पैसा नाही म्हणून मोटारींना घोडे जुंपून लोकांनी त्यांना बेनेट या तत्कालीन पंतप्रधानाचे नाव दिले, आणि १९३७ साली सस्कॅचेवानात एकरी गहू तीन बुशेलही आला नाही. त्या अनुभवाने पोळलेल्या मतदारांनी १९४४ मध्ये टॉमी डग्लस या माजी धर्मोपदेशकाच्या समाजवादी पक्षाला सत्ता दिली. १९४७ साली रुग्णालयविमा आला, आणि १ जुलै १९६२ रोजी, त्याच दिवशी सुरू होऊन तेवीस दिवस चाललेला डॉक्टरांचा संप सोसून, सर्वांसाठी सरकारी वैद्यकीय विमा. पुढे तीच पद्धत साऱ्या देशाने उचलली. कॉफी रोवरचा गृहस्थ सरकारला शिव्या घालता घालता या विम्याला बोट लावू देत नाही. ही विसंगती आहे खरी. पण पहिल्या महायुद्धाच्या काळापासून ज्यांच्या ग्रामीण पालिका गावपट्टीतून पगार देऊन डॉक्टर ठेवीत होत्या, त्यांना ती विसंगती वाटत नाही.

व्हीट पूल आज राहिला नाही. १९९६ साली त्याचे भाग शेअरबाजारात आले, पुढे तो एका कंपनीत विलीन झाला. लाकडी कोठारे पाडून काँक्रीटची मोजकी अवाढव्य केंद्रे झाली, आणि चतकोराच्या जागी सरासरी शेत १,७०० एकरांहून मोठे झाले. शेजारी आता आणखी दूर गेला आहे. एका बाबतीत मात्र प्रांत हटून बसला आहे: उन्हाळी वेळेसाठी घड्याळ पुढे-मागे करण्याचा खेळ सस्कॅचेवान खेळत नाही, आणि गाईला वेळ कळत नाही हे त्याचे समर्थन तेथे युक्तिवाद म्हणून नव्हे, पुरावा म्हणून मांडले जाते.

या मुलखाचे आपल्याशी नाते गव्हापासूनचे आहे. ज्या मार्क्विस जातीने प्रेअरीला गव्हाचे कोठार बनविले ती चार्ल्स सॉंडर्स यांनी निवडली, आणि तिचा एक पूर्वज हार्ड रेड कलकत्ता हा लवकर पिकणारा भारतीय गहू. पहिल्या थंडीच्या आत कणीस भरावे ही सोय त्याच्याकडून आली. दुसरे नाते ताटातले. सस्कॅचेवान विद्यापीठात १९७० च्या दशकात अल स्लिंकर्ड यांनी मसुराच्या तेथील हवेत येणाऱ्या जाती तयार केल्या, आणि आज जगात मसूर निर्यात करणाऱ्या देशांत कॅनडा अग्रणी आहे. आपल्याकडच्या वाण्याकडून आणलेल्या मसूरडाळीत रिजायनाच्या आसपासच्या शिवाराचा वाटा असणे अगदी शक्य. म्हणून त्या कॅफेत आता भारतातल्या पावसाची चौकशी होते. आपला मान्सून चांगला झाला तर त्यांचा भाव पडतो, हे गणित तिथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. २०१७ च्या अखेरीस भारत सरकारने वाटाण्यावर ५० टक्के आणि मसुरावर ३० टक्के आयातशुल्क बसविले, तेव्हापासून शिव्या खाणाऱ्यांच्या यादीत रेल्वे आणि ओटावा यांच्या खालोखाल दिल्लीचेही नाव चढले आहे.