भिंतीवर ऊन येईपर्यंत

नाशिकच्या जुन्या गावात फोटो काढायचे तर ऊन कधी कुठून येतं ते आधी पाठ करावं लागतं. एरवी पूर्वेकडे जाणारी गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. त्यामुळे गाव तिच्या पश्चिम काठावर आणि पंचवटी पूर्व काठावर येते. सूर्य पंचवटीच्या मागून उगवतो आणि सकाळचं ऊन पूर्वाभिमुख सुंदरनारायणाच्या देवळावर पडतं. समोरच्या काठावरच्या नारोशंकराला मात्र दुपार कलेपर्यंत थांबावं लागतं. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली तिथली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर कोरलेल्या १७२१ या सालासकट, नीट उजळते ती संध्याकाळीच.

देवळांचं वेळापत्रक त्या मानाने सोपं असतं. गल्ल्यांचं तसं नाही. तांबट लेन, घनकर लेन, तिवंधा, तिळभांडेश्वर लेन इथे दोन्ही बाजूंचे वाडे इतके जवळ आहेत की ऊन वरच्या मजल्यावरच अडतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतींवर तर थंडीत ते येतच नाही. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्यात सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो. तेव्हा सकाळी आठच्या सुमाराला ऊन या भिंतींना तिरपं घासत जातं आणि तुळईच्या टोकावरचं कमळ, दरवाजावरची गणेशपट्टी, सज्ज्याखालचे लाकडी हस्त असे उठून दिसतात की नक्षीची खोली डोळ्यांनी मोजता यावी. थोड्याच वेळात वळचणीची सावली खाली उतरते. उत्तराभिमुख वाड्यांसाठी मी मे राखून ठेवतो, कारण जूनमध्ये ढग कधी येतील याचा भरवसा नसतो.

काळाराम मंदिराची अडचण दगडाची आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधवलेलं हे देऊळ काळ्या पाषाणाचं आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं, त्यामुळे चौकटभर काळा दगड दिसला की ते प्रकाश वाढवतं आणि पाषाण राखाडी होऊन जातो. म्हणून एक्स्पोजर मुद्दाम कमी करायचं. पण इतकंही नाही की कोरीवकाम अंधारात बुडेल. मी एकाच जागेवरून कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाच्या तीन चौकटी घेतो. इथले दरवाजे मात्र मी आधी बाहेरून टिपतो. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रही या बंद दरवाजांबाहेर उभे होते. नुसते आतल्या बाजूने काढलेले फोटो या देवळाचा अर्धाच इतिहास सांगतात, असं मला ठामपणे वाटतं.

खरा वेळ जातो वाड्यांमध्ये. इथे फोटो देखणा आला की काम संपलं असं मी मानत नाही. उद्या एखाद्या सुताराला तोच खांब पुन्हा घडवायचा असेल तर त्याला या फोटोवरून ते जमलं पाहिजे. म्हणून आधी समोरून सरळ फोटो घ्यायचा. कॅमेरा वर वाकवला की उभ्या रेषा माथ्याकडे मिटत जातात आणि वाडा मागे कलल्यासारखा दिसतो. त्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे समोरच्या घराचा पहिला मजला. तिथल्या खिडकीतून लेन्स समोरच्या भिंतीच्या मध्यावर येते आणि रेषा आपोआप ताठ राहतात. मग जवळून टिपायचं: घडीव दगडाचं जोतं, त्यावरची वीट, खांबाखालची तळखडी, खांब आणि तुळईचा सांधा, कडीपाट, कोनाडे, जिन्याची झिजलेली पायरी. प्रत्येक तपशिलाशेजारी मोजपट्टी धरायची, नाहीतर तळखडी वीतभर आहे की हातभर, हे नंतर कुणालाच कळणार नाही. दिंडी दरवाजातून देवडी ओलांडून चौकात आलं की वरून उतरणारा उजेड मऊ असतो. तिथे फ्लॅश लावला तर लाकडाचा पोत सपाट होतो. स्टँड लावून शटर सावकाश उघडलं की माजघराच्या तोंडापर्यंतचा अंधार आपलं रूप दाखवतो.

तारा, मीटरची पेटी, दुकानांच्या पाट्या, दारातल्या दुचाक्या, हे सगळं चौकटीत येतंच. संगणकावर या तारा पुसता येतात, पण मी पुसत नाही. २०२० नंतरचा वाडा तारांसकटच होता, हे पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला कळायला हवं.

दारात परवानगी मागताना आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. कित्येक वाड्यांत मालक आणि भाडेकरू यांचे जुने वाद असतात. अशा घरात गळ्यात कॅमेरा घालून शिरलेला माणूस कुणाकडून आला, ही शंका रास्तच असते. एका आजींनी ओसरीवरूनच विचारलं, “कोणाच्या बाजूचा रे तू?” मी म्हणालो, “आजी, वाड्याच्या बाजूचा. कोरीवकाम तेवढं टिपतो.” त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “काढ मग. पण मागची भिंत नको दाखवूस.” ती पडकी भिंत मी टिपली नाही. त्यांचं छप्पर धोक्यात घालून मला नोंद पूर्ण करायची नाही.

अशी नोंद किती मोलाची ठरते ते दुसरीकडे दिसलं आहे. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या विल्यम लॉरेन्स यांच्या स्टुडिओसाठी रॉबर्ट फ्रेंच यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून देशभरच्या गावांचे, रस्त्यांचे, इमारतींचे फोटो काचेच्या प्लेटांवर घेतले. १९१६ च्या ईस्टर उठावात लॉरेन्स यांचं दुकान जळालं आणि व्यक्तिचित्रांच्या निगेटिव्ह त्यात गेल्या. रस्त्यांच्या निगेटिव्ह दुसरीकडे ठेवलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. असा सुमारे चाळीस हजार प्लेटांचा संग्रह आज तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. फ्रेंच यांनी ते काम दुकानात विकायच्या चित्रांसाठी केलं होतं. तरीही त्यातून एका देशाची नोंद राहिली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये आपला स्टुडिओ नाशिकला हलवला होता, म्हणजे इथेही कॅमेरा जुनाच आहे. पण गल्लीगणिक वाड्यांची तशी सलग नोंद व्हायला हवी. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते आणि घाट बदलत असताना तर ती लगेच व्हायला हवी.

पडून गेलेल्या वाड्यांचं काय करायचं, याचं उत्तर मला लग्नाच्या अल्बममध्ये सापडलं. पूर्वी लग्नं, मुंजी चौकातच लागायच्या. नवरानवरीच्या मागे खांब असतो, वऱ्हाडाच्या डोक्यांवर महिरप असते, पंगतीच्या कडेला जोत्याचा दगड दिसतो. फोटोग्राफरने ते मुद्दाम घेतलेलं नसतं, पण आज त्या वाड्याचं तेवढंच चित्र उरलेलं असतं. म्हणून आता प्रत्येक घरी फोटो काढून झाले की मी जुने अल्बम मागतो. ते तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर, खिडकीच्या उजेडात कॉपी करतो आणि मागे लिहून ठेवतो: गल्ली, दरवाजाची दिशा, साल, आणि कुणाचं लग्न.