परदेशी दत्तक जाणारे मूल

दत्तक हा शब्द वऱ्हाडातील घरांस नवा नाही. वतन, शेतीवाडी व कुळाचे नाव पुढे चालावे म्हणून भाऊबंदांतील मुलगा मांडीवर घेण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु ज्यास आईबाप नाहीत अशा मुलास घर मिळावे, एवढ्याच हेतूने सातासमुद्रांपलीकडून माणसे येतात, ही गोष्ट आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसते. ती कशी घडते, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. १९७९ च्या ऑगस्टात पुण्यास जन्मलेली एक तान्ही मुलगी ससून रुग्णालयाच्या आवारातील श्रीवत्स या बालगृहात होती. मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर व त्यांच्या पत्नी सू हे त्या काळी अमेरिकेत राहत असत. मूल दत्तक घेण्यासाठी ते भारतात आले व या मुलीस घेऊन गेले. पुढे केनियामार्गे हे कुटुंब ऑस्ट्रेलियात सिडनीस स्थायिक झाले. तीच लिसा स्थळेकर. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा व शंभर बळी हा दुहेरी पराक्रम करणारी ती पहिली स्त्री होय. २०१३ साली मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या संघात ती होती.

तथापि, सर्वच मुलांच्या वाट्यास असे भाग्य येईल याची पूर्वी काहीच हमी नव्हती. मूल परदेशी गेले म्हणजे तेथे त्याची विचारपूस कोण करणार? लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहून हाच प्रश्न मांडला. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी त्यावर निकाल दिला. मुलास आधी स्वदेशात घर शोधावे, ते न मिळाल्यासच परदेशाचा विचार करावा, व मुलाच्या नावाने कोणी नफा मिळवू नये, ही त्यातील मुख्य तत्त्वे होत. पुढे १९९० मध्ये ‘कारा’ हे केंद्रीय दत्तक मंडळ स्थापन झाले. १९९३ साली हेग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने २००३ मध्ये मान्यता दिली.

आता हे काम कसे चालते ते पाहू. जन्मदात्यांनी मूल स्वाधीन केल्यास फेरविचारासाठी त्यांस साठ दिवस मिळतात. त्यानंतर बालकल्याण समिती मूल दत्तकास मोकळे झाल्याचे जाहीर करते. परदेशी दांपत्यास परस्पर बालगृहात येऊन मूल निवडता येत नाही. त्यांच्याच देशातील अधिकृत संस्था त्यांचे घर, प्रकृती, मिळकत व स्वभाव तपासून अहवाल पाठविते. मग काराचे संमतिपत्र, त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (१ सप्टेंबर २०२२ पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे), आणि शेवटी मुलाचे पारपत्र. मूल पाच वर्षांहून मोठे असेल तर त्याचीही संमती घ्यावी लागते. मूल नव्या घरी गेल्यावर दोन वर्षेपर्यंत त्याच्या प्रगतीचे अहवाल येत राहतात.

आम्हां ख्रिस्ती कुटुंबांसही येथे एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. १९५६ चा दत्तक कायदा आम्हांस लागू नाही. १८९० च्या कायद्याने केवळ पालक होता येई, आणि मूल सज्ञान होताच ते नाते कायद्याच्या दृष्टीने संपे. परंतु बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या मनुष्यास दत्तक घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे.

येथील कुटुंबे बहुधा तान्हे व निरोगी मूल मागतात. त्यामुळे थोराड अथवा अपंग मुलांस पुष्कळदा परदेशातच घर मिळते, आणि कित्येकांस तेही मिळत नाही. आपल्याच जिल्ह्यात, परतवाड्याजवळ वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकर यांनी अशा मुलांस स्वतःचे नाव देऊन वाढविले. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. मुलास नाव देणे म्हणजे काय, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही.

पालकांस आमची एक विनंती आहे. कोणी ओळखीचा मनुष्य दवाखान्यातून परस्पर मूल आणून देतो म्हणाला, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. तो गुन्हा आहे; शिवाय असे मूल पुढे ताब्यातून काढून घेतले जाण्याचा संभव असतो, आणि त्यात सर्वांत अधिक होरपळते ते मूलच.

विद्यार्थ्यांसही एक सांगणे आहे. आपल्या बाकावरील सोबती दत्तक आलेला आहे असे कळले, तर ‘तुझे खरे आईबाप कोण?’ असे त्यास कधी विचारू नये. ताप आला असता जे रात्रभर उशाशी बसतात, तेच त्याचे खरे आईबाप होत.