डॉक्टर गाव बदलतो तेव्हा

गेली काही वर्षं मी साताऱ्यात लहान मुलांच्या हाडांचा डॉक्टर म्हणून काम केलं. आता माझा दवाखाना सांगलीला हलला आहे. एका डॉक्टरनं गाव बदललं, यात रेडिओवर बोलण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. तापाचा पेशंट चार दिवसांत बरा होतो आणि डॉक्टरला विसरतो. माझे पेशंट मात्र वाढत असतात. त्यांचे उपचार त्यांच्या वाढीबरोबर चालतात, कधी दोन वर्षं तर कधी बारा वर्षं. म्हणून हा विषय.

आधी माझ्याविषयी थोडं. मी मूळचा माण तालुक्यातला. शाळेत असताना खो-खो खेळायचो. पुढे एम.बी.बी.एस. झालो, हाडांच्या शस्त्रक्रिया शिकलो आणि मग मुंबईत राहून लहान मुलांची हाडं आणि खेळातल्या दुखापती या दोन्हींचं वेगळं शिक्षण घेतलं. ‘ही दोन कामं एकत्र कशी?’ असं पुष्कळ जण विचारतात.

याचं उत्तर मुलांच्या हाडांतच आहे. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्दच मुळी मुलांवरून आला. निकोलस आंद्री या फ्रेंच डॉक्टरांनी १७४१ साली तो बनवला. ग्रीक भाषेत ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पायडियॉन’ म्हणजे मूल. मुलाचं शरीर सरळ वाढवण्याची विद्या, असा त्याचा अर्थ. मुलाचं हाड ओल्या फांदीसारखं असतं. वाकवलं तर एका बाजूनं चिरतं, पण काडकन तुटून पडेलच असं नाही. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला आपण वाढपट्टी म्हणू. हाडाची लांबी तिथं वाढते. साधारणपणे मुलींमध्ये चौदाव्या आणि मुलांमध्ये सोळाव्या वर्षाच्या सुमारास या पट्ट्या मिटतात.

या पट्टीला मार बसला तर प्लॅस्टर निघाल्यावर सगळं ठीक दिसतं. पण पट्टीची एक बाजू वाढायची थांबली आणि दुसरी वाढत राहिली, तर हाड हळूहळू वाकडं होतं. हे कळायला कित्येक महिने लागतात. म्हणून हाड जुळल्यावरही आम्ही मुलाला परत परत बोलावतो. ‘आता दुखत नाही, मग कशाला जायचं?’ असं म्हणून पालक येत नाहीत, आणि नेमकी तीच वेळ हातची जाते.

खेळाचंही तसंच. सातारा-सांगली हा तालमींचा, कबड्डीच्या मैदानांचा मुलूख. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९५६ च्या ऑलिंपिकआधी मात्र त्यांचा गुडघा दुखावला आणि पुढची वाट बंद झाली. दुर्बिणीतून गुडघ्यातली फाटलेली गादी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये डॉ. मासाकी वातानाबे यांनी केली ती १९६२ साली. आज ही सोय आपल्या भागातही आहे.

पण बारा वर्षांच्या पोराचा गुडघा म्हणजे मोठ्या पैलवानाच्या गुडघ्याची छोटी प्रत नव्हे. गुडघ्यातला मुख्य बंध तुटला, तर मोठ्या माणसात हाडाला भोक पाडून नवा बंध ओवतात. मुलाच्या बाबतीत हे भोक वाढपट्टीतून गेलं, तर पाय वाकडा किंवा आखूड होण्याचा धोका असतो. तिथं पद्धत बदलावी लागते. दोन्ही विद्या एकत्र लागतात त्या इथं. आता मुलीही मोठ्या संख्येनं मैदानात आहेत. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. सांगलीची स्मृती मानधना तर घराघरांत माहीत आहे. वयात येणाऱ्या मुलींमध्ये हा बंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. म्हणून उडी मारून गुडघे वाकवून कसं उतरायचं, हे शिकवणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

आता दवाखाना का हलवला ते सांगतो. तान्ह्या बाळाच्या खुब्याची शस्त्रक्रिया करायची, तर बाळाला भूल देणारा अनुभवी डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ आणि अतिदक्षता कक्ष लागतो. सांगली-मिरजेत हे सगळं हाताशी मिळतं. त्याला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. विल्यम वानलेस हे डॉक्टर १८८९ साली भारतात आले. त्यांनी सुरुवातीला सांगलीत दवाखाना चालवला, मग ते मिरजेला गेले. १८९४ साली तिथं त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. रेल्वेच्या त्या जंक्शनवर लांबलांबून पेशंट उतरू लागले. मिरज वैद्यकीय सेवेचं गाव झालं ते तेव्हापासून. त्यांनीही दवाखाना हलवला होता, पण जेमतेम दोन कोसांवर. माझं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

पाटण खोऱ्यातल्या एका आजींनी ही बातमी ऐकून मला एवढंच विचारलं, ‘‘मग आता आमच्या पोराच्या बुटाचं कुणी बघायचं, डाक्टर?’’

त्यांच्या नातवाचं पाऊल जन्मतः आत वळलेलं होतं. याला क्लबफूट म्हणतात. डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेतल्या आयोवा इथं यावर बिनमोठ्या-ऑपरेशनची पद्धत बसवली. दर आठवड्याला हलक्या हातानं पाऊल थोडं वळवायचं आणि प्लॅस्टर घालायचं. पाच-सहा प्लॅस्टरमध्ये पाऊल सरळ येतं. बहुतेकांना टाचेमागची शीर एका लहानशा छेदानं सैल करावी लागते. त्यानंतर एका पट्टीला जोडलेले बूट तीन महिने दिवसातले २३ तास घालायचे आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालायचे. पाऊल पुन्हा वळतं ते बहुतेक वेळा बूट सुटल्यामुळं. बूट दर काही महिन्यांनी लहान होतात. मोठे बूट द्यायला, पाऊल तपासायला जवळ कुणी नसेल, तर बूट माळ्यावर जातात.

त्या आजींचा प्रश्न हा माझ्या स्थलांतराचा सगळा हिशेब होता. बुटातल्या, पट्ट्यातल्या आणि हाडात सळई असलेल्या प्रत्येक मुलाची मी यादी केली. आठवड्यातला एक दिवस मी साताऱ्याला येत राहणार आहे. बूट आणि प्लॅस्टरची कामं तिथंच होतील, फक्त मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सांगलीला यावं लागेल. आणि प्रत्येक घरी एक वही दिली.

तुमचा डॉक्टर कुणीही असो, अशी वही घरी ठेवा. कारण डॉक्टर बदली होऊन जातो, निवृत्त होतो, कधी तुम्हीच ऊसतोडीला किंवा नोकरीला परगावी जाता. वहीत आजाराचं नाव, प्रत्येक प्लॅस्टरची आणि शस्त्रक्रियेची तारीख लिहून घ्या. आत सळई किंवा प्लेट आहे का, ती कधी काढायची, हे विचारून घ्या. एक्स-रे डॉक्टरकडे न ठेवता घरी आणा. पुढची तपासणी कोणत्या महिन्यात आणि कशासाठी, तेही लिहा. नवा डॉक्टर ही वही वाचून पहिल्याच दिवशी पुढचं काम सुरू करू शकतो.

ज्यांना कुठं जायचं तेच माहीत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलं तपासतात. वळलेलं पाऊल आणि निखळलेला खुबा हे त्यांच्या यादीत आहेत, आणि उपचारांचीही सोय होते. बाळाचे पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळू नका, खुब्याला ते वाईट. कडेवर मात्र खुशाल घ्या. मांड्या फाकलेल्या राहतात, खुब्याला ते चांगलं. दोन वर्षांपर्यंत पाय थोडे धनुष्यासारखे दिसणं आणि तीन-चार वर्षांचं असताना गुडघे एकमेकांना लागणं, हे बहुतेकदा वाढीचाच भाग असतं. सातव्या वर्षापर्यंत ते सरळ होतात. एकच पाय वाकडा असेल, मूल लंगडत असेल किंवा वाकडेपणा वाढत असेल, तर मात्र थांबू नका.

त्या आजींचा नातू आता तीन वर्षांचा आहे. अजून वर्ष-दोन वर्षं त्याला रात्री बूट घालायचे आहेत. मी कुठल्या गावात बसतो यापेक्षा त्याच्या पायात रोज रात्री बूट चढतात की नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे.