‘माय बोथ पेरेंट्स’ : इंग्रजीतील संख्याविशेषणांची जागा

इंग्रजीचा तास म्हटला की खेड्यातून आलेल्या आम्हा विद्यार्थ्यांच्या पोटात गोळा येतो. शब्द पाठ असतात, काळही पाठ असतात. पण वाक्य तोंडातून बाहेर पडले की कुठेतरी हसू फुटते आणि आपले काय चुकले ते कोणी सांगत नाही. माझे असेच झाले. त्या एका चुकीचा माग काढता काढता जे हाती लागले, ते आपणा सर्वांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने उभे राहून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी म्हणालो, ‘माय बोथ पेरेंट्स आर केन कटर्स.’ मागच्या बाकांवर हशा पिकला. मी खाली बसलो. आमचे गाव पाथर्डी तालुक्यातले. दिवाळीच्या सुमारास आई आणि आप्पा बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जातात. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मला वाटले, पोरे आई-आप्पांच्या कामाला हसली. पुढचे आठ दिवस मी इंग्रजीच्या तासाला फिरकलो नाही.

शेवटी धीर करून सरांकडे गेलो. सरांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. एक माझी, दुसरी ‘बोथ माय पेरेंट्स’. म्हणाले, “हे असे का, ते तूच शोधून आण.”

शोधताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की माझी चूक अडाणीपणाची नव्हती. मी मराठीचा नियम इमानाने पाळला होता. मराठीत आपण ‘माझे दोन्ही भाऊ’ म्हणतो. ‘माझे’ आधी, ‘दोन्ही’ नंतर. ‘दोन्ही माझे भाऊ’ म्हटले, तर ‘ते दोघेही माझे भाऊ आहेत’ असा वेगळाच अर्थ होतो. ‘माझे सगळे मित्र’, ‘माझा अर्धा पगार’, ‘माझे काही मित्र’ या सर्वांत क्रम तोच. म्हणून आपल्या तोंडी ‘माय ऑल फ्रेंड्स’, ‘माय हाफ सॅलरी’, ‘माय सम फ्रेंड्स’ असे सहज येते. मराठीत जे शुद्ध, तेच इंग्रजीत अशुद्ध ठरते.

इंग्रजीत नामापूर्वी ओळीने तीन पाट मांडलेले असतात, अशी कल्पना करा. मधला पाट ‘द’, ‘अ’, ‘धिस’, ‘दीज’, ‘माय’, ‘हिज’ अशा शब्दांचा. त्यावर एका वेळी एकच शब्द बसतो. काही संख्यावाचक शब्द त्याच्या पुढच्या पाटावर, काही मागच्या पाटावर. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या मोठ्या व्याकरणात निर्धारक शब्दांचे पूर्व, मध्य आणि उत्तर असे तीन गट पाडले आहेत, ते हेच.

आता कोणता शब्द कुठे बसतो, हे पाठ कसे करावे? येथे शाळेतले मराठी व्याकरण मदतीला आले. संख्याविशेषणांचे प्रकार आपण घोकलेले असतात. तेच इंग्रजीला लावून पाहा.

साकल्यवाचक म्हणजे ‘दोन्ही’, ‘सगळे’. हे पहिल्या पाटावर : बोथ माय ब्रदर्स, ऑल द बॉइज.

अपूर्णांकवाचक ‘अर्धा’ हाही पहिल्या पाटावर : हाफ माय सॅलरी.

आवृत्तिवाचक म्हणजे ‘दुप्पट’. तोही पहिल्याच पाटावर : डबल द रेट, ट्वाइस द प्राइस.

पूर्णांकवाचक ‘दोन’, ‘तीन’ मात्र तिसऱ्या पाटावर : माय टू ब्रदर्स. क्रमवाचक ‘पहिला’, ‘दुसरा’ हेही तिथेच : माय फर्स्ट एक्झाम. अनिश्चित संख्येपैकी ‘मेनी’ आणि ‘फ्यू’ हेही तिसऱ्यावर : हिज मेनी फ्रेंड्स.

राहिले ‘सम’, ‘एनी’, ‘ईच’. यांना मधलाच पाट हवा असतो. तिथे ‘माय’ आधीच बसला असेल, तर त्यांना शेजारी जागा नाही. मग ‘ऑफ’ घालून वाट काढावी लागते : सम ऑफ माय फ्रेंड्स.

म्हणजे ‘दोन’ आणि ‘दोन्ही’ हे मराठीत एकाच जागी बसणारे भाऊ इंग्रजीत दोन टोकांना जातात. ‘ही चारही पुस्तके’ याचे इंग्रजी ‘ऑल दीज फोर बुक्स’. ‘चारही’मधला ‘ही’ जणू ‘ऑल’ होऊन पुढे गेला, ‘चार’ मागे राहिला आणि मध्ये ‘दीज’ बसला. एका उदाहरणात तिन्ही पाट भरले.

सर्वनामांची तऱ्हा थोडी निराळी. ‘आम्ही सगळे’ याला ‘वुई ऑल’ चालते, पण ‘ऑल वुई’ चालत नाही. ‘ऑल ऑफ अस’ म्हणावे लागते. इथे मात्र आपली मराठी सवय उपयोगी पडते.

‘हाफ’ माझ्या कायमचा लक्षात राहिला, त्याचे कारण घरचे आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती या हिशोबाने. हा ‘अर्धा कोयता’ इंग्रजीत सांगायचा, तर ‘हाफ अ कोयता’. ‘हाफ’ आधी, ‘अ’ नंतर. ‘आप्पांची अर्धी उचल फिटली’ यातली ‘अर्धी उचल’ म्हणजे ‘हाफ हिज ॲडव्हान्स’. सुटीत फडावर गेलो तेव्हा मोळ्या बांधता बांधता अशी कितीतरी रूपे मनात घोळवली. पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा ती पक्की बसली.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून त्यांनी मराठीची मांडणी केली. मला वाटते, आपण त्याच वाटेने उलटे चालावे. मराठीचे व्याकरण हाताशी घेऊन इंग्रजीत शिरावे. ‘माझे मराठी आड येते’ असे म्हणत बसण्यापेक्षा ते नेमके कुठे आड येते, हे पाहिले, तर भीती निम्मी कमी होते.

द्वितीय वर्षाच्या आरंभी नव्या मॅडमनी पुन्हा ओळख विचारली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘बोथ माय पेरेंट्स आर केन कटर्स.’ वर्गात कोणी हसले नाही. हसले असते, तरी ते माझ्या व्याकरणाला नक्कीच नव्हे, एवढे मला या वेळी ठाऊक होते.