बाजरी मोजली, भाकरी राहिली

वैजापूर तालुक्यातली बाजरी घरच्या खाण्यापुरती ठेवली, बाजारात नेलीच नाही, तरी तिची किंमत देशाच्या उत्पन्नात धरली जाते. त्याच बाजरीच्या पिठाची भाकरी थापली की हिशेब तिथेच थांबतो. थापणारीच्या कष्टाला रकाना नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची जगभरची रीत हीच.

मग ते कष्ट आहेत तरी किती? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. हे ८८ सुद्धा घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचेच. २०१९ च्या पाहणीत असे पुरुष शंभरात २६ होते, बायका ८१.

२८९ मिनिटं म्हणजे दिवसाचा पाचवा हिस्सा. पंधराव्या वर्षी चूल हाती आलेल्या मुलीनं पासष्टीपर्यंत रोज इतकं केलं, तर रात्रंदिवस धरून तिची सलग दहा वर्षं त्यात जातात. वैजापूर तालुक्यातल्या फक्त एक लाख बायका याच सरासरीनं धरा: रोजचे सुमारे ४ लाख ८२ हजार तास, म्हणजे ५५ वर्षं. आज ५५, उद्या पुन्हा ५५. लेकरं आणि म्हातारी माणसं सांभाळणं यात नाही. कापूस वेचणं, कांदा लावणं, खुरपणी हेही नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८ मध्ये ६४ देशांचा हिशेब मांडला, त्यात सांभाळही धरला. बिनपगारी काम रोज १,६४० कोटी तास. त्यातलं ७६ टक्के बायकांचं. बायकांच्या त्या तासांची वर्षं केली तर एका दिवसात १४ लाख वर्षं होतात. आपली माणसाची जात पृथ्वीवर येऊन सुमारे तीन लाख वर्षं झाली. त्या सगळ्या काळाच्या चौपटीहून जास्त काम बायका एका दिवसात उपसतात.

मला सर्वांत जास्त सलतो तो मात्र लहान आकडा. त्याच संघटनेनं सांगितलेला: ज्या देशांचे आकडे मिळाले तिथे १९९७ ते २०१२ या पंधरा वर्षांत बायका आणि पुरुषांच्या या कामातलं रोजचं अंतर अवघं सात मिनिटांनी घटलं. दारात नळ आला, घरात गॅस आला, गावात पाळणाघर आलं तर बाईची मिनिटं वाचतात. पुरुषाची ८८ वाढायला मात्र त्यानं स्वतः उठावं लागतं. याच चालीनं गेलं तर बरोबरीला २२२८ साल उजाडेल, असं ती संघटना सांगते. आज वैजापूरच्या अंगणवाडीत बसणाऱ्या मुलीच्या पणतीलाही ते साल दिसणं कठीण आहे.