एचएमटीच्या दाण्यामागचा माणूस

तथागत बुद्धाच्या आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान आहे. आपल्या उपजीविकेत कोणाचे शोषण होऊ नये, असा तिचा अर्थ. परंतु आपल्याच बुद्धीने निर्माण केलेल्या वस्तूचे श्रेय आणि लाभ दुसरीकडे गेला तर काय करावे? हा प्रश्न आम्ही येथे एका तांदळाच्या निमित्ताने मांडत आहोत.

मलकापूर हे कापसाचे गाव. येथे धान पिकत नाही, तरी एचएमटी तांदूळ आपल्या घराघरांत ओळखीचा आहे. हे वाण प्रयोगशाळेत जन्मले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे त्याचे जनक. दलित कुटुंबात जन्म, शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर.

१९८३ साली 'पटेल ३' या धानाच्या पिकात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. ते दाणे त्यांनी जपून ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे पेरले आणि भोवती काट्यांचे कुंपण केले. हवी तीच लोंबी निवडायची व तिचेच बी पुन्हा पेरायचे, याला शास्त्रात निवड पद्धत म्हणतात. काही वर्षांत बारीक दाण्याचे, चवदार वाण स्थिर झाले. त्या काळच्या लोकप्रिय एचएमटी घड्याळावरून त्याला नाव पडले.

बी गावोगाव पसरले; जनकाचे नाव मात्र मागे राहिले. १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केले. त्या नावात दादाजी कोठेच नव्हते. पुढे २००५ साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचा गौरव केला, २०१० साली 'फोर्ब्स' मासिकाने दखल घेतली. तरीही अखेरची वर्षे आजारपणात व तंगीत गेली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

दादाजींनी वाण काढले तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदाच देशात नव्हता. तो २००१ साली झाला. त्यानुसार वेगळे, एकसारखे व स्थिर वाण शेतकरी आपल्या नावे नोंदवू शकतो. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्क नाही. आपल्या वाणावरून दुसऱ्याने नवे वाण काढल्यास लाभात वाटा मागण्याची तरतूदही त्यात आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे आहे : शेतात, कारखान्यात वा घरच्या धंद्यात काही नवे सुचले, तर तारखेसह वहीत लिहा. नमुना जपून ठेवा. दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी नोंदणीची चौकशी करा. घरात कोणी अशिक्षित जाणकार असेल, तर त्यांचा अर्ज तुम्ही भरा. शिकलेल्या पिढीने समाजाचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे.

दादाजींजवळ दृष्टी होती, चिकाटी होती. नव्हता तो फक्त कागद. तो कागद आता आपण तयार ठेवू या.

जयभीम! नमो बुद्धाय!